भुवयांच्या जरा वर

"शोभतेय हो तुम्हाला," बायको म्हणाली, आणि माझ्या तोंडाला आंबूस पाणी सुटलं. उलटीच्या आधी सुटतं तसं. मुलगी राहते त्या परक्या देशातल्या एका बंदिस्त बाजारात, टोप्यांच्या दुकानातल्या चिंचोळ्या आरशापुढे आम्ही उभे होतो. माझ्या डोक्यावर एक गोल कडेची, मऊ कापडाची, मळखाऊ रंगाची हॅट होती. घडी घालून खिशात कोंबता येते ती. दुकानातली बाई कौतुकाने मान डोलवत होती. तिचं मला काही वाटलं नाही, ती तिच्या पोटासाठी डोलवत होती. पण बायकोने काय केलं ते मी आरशात पाहिलं. हॅट डोक्यावर टेकल्यावर ती लगेच बोलली नाही. माझ्या डोळ्यांत तिने पाहिलं नाही आणि हॅटकडेही पाहिलं नाही. माझ्या भुवयांच्या जरा वर, कपाळाच्या मधल्या कोऱ्या जागेवर तिने नजर ठेवली, एक श्वास जाऊ दिला, मान किंचित तिरकी केली आणि मग म्हणाली, शोभतेय. एवढंच झालं. तिने पर्स उघडली, बाईने हॅटचं लेबल कापलं, आणि मी ती तशीच घालून बाहेर पडलो.

ती पद्धत माझी आहे. चष्म्याच्या दुकानात माझं उभं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक फ्रेम चढवतं, आरशात बघतं आणि मग आपल्याकडे वळतं. त्या वेळी चटकन 'छान' म्हटलं तर त्याला खोटं वाटतं, फार वेळ लावला तर ते फ्रेम काढून ठेवतं. डोळ्यांत बघितलं तर आपल्या डोळ्यांतलं त्याला वाचता येतं, कारण डोळे तपासून घेतल्यावर माणूस डोळ्यांच्या बाबतीत जरा हुशार झालेला असतो. म्हणून भुवयांच्या जरा वर बघायचं. एक श्वास जाऊ द्यायचा. मान तिरकी. गिऱ्हाइकाला वाटतं, याने माझ्या चेहऱ्याचा विचार केला. लग्नानंतर बायको दुपारची दुकानात बसायला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका वाटोळ्या तोंडाच्या कारकुनाला ती म्हणाली, "अगंबाई, घुबडासारखे दिसताय की!" आणि खळखळून हसली. तो बिचारा इतका ओशाळला की आपला जुना चष्मा काउंटरवरच टाकून निघून गेला, आणि दारातल्या पायरीला अडखळून परत आला. त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी तिला आरशापुढे उभं केलं, रिकाम्या फ्रेमा स्वतः चढवून दाखवल्या आणि ही सगळी विद्या शिकवली. "पण हे खोटं नाही का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "अगं, लोक चष्मा घ्यायला येत नाहीत, धीर घ्यायला येतात." तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण महिन्याभरात ती माझ्या वरताण झाली. गिऱ्हाईक माझ्यासमोर फ्रेम चढवायचं आणि म्हणायचं, वहिनींना बोलवा, त्या खरं सांगतात.

म्हणजे त्या आरशापुढे मी गिऱ्हाईक होतो. बाजाराच्या फरशीवरून तिच्या मागोमाग चालताना हे एवढं एक वाक्य माझ्या डोक्यात, त्या नव्या कापडाच्या वासाखाली, घुमत होतं. हॅटला पिठूळ, कोंदट वास होता. माझ्या आधी किती डोकी तिच्यात घुसून गेली असतील असं मनात आलं आणि कपाळावरची कातडी आखडल्यासारखी झाली.

हॅटखाली काय झाकायचं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या डोक्यावर, उजवीकडे, केस विरळ झालेल्या जागी एक आवाळू आहे. लहानशा लिंबाएवढं. गुळगुळीत, तुकतुकीत, त्यावर एकही केस नाही. बोटाने ढकललं तर कातडीखाली सरकतं आणि सोडलं की मुकाट्याने जागेवर येतं. दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टर म्हणाले, काढायचं तर काढू, नाहीतर राहू द्या, ते काही तुमच्याकडे खायला मागत नाही. माझ्या वडिलांना अगदी त्याच जागी होतं. न्हाताना पाठीवर पाणी घालायला ते मला बोलवत. साबणाच्या फेसातून ते आवाळू वर आलेलं असे, पाण्यातून बेडूक डोकं काढतो तसं. "दाब, दाब, काही होत नाही," असं म्हणून ते हसत आणि माझं बोट धरून त्यावर ठेवत. कोमट लागायचं. जेवताना तो कोमटपणा बोटावर परत यायचा आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा. वडिलांबद्दल मला दुसरी कुठलीच तक्रार नव्हती. ते साधे, हसरे, कुणाच्या अध्यात ना मध्यात असे गृहस्थ होते. पण ते जवळ आले की मी मान वळवायचो. पुढे ते गेले, आणि थोड्याच वर्षांत एका सकाळी भांग पाडताना माझा कंगवा कशाला तरी अडला. मी बोट लावलं. कोमट. मी आरशापुढे उभा राहिलो आणि मला माझ्याच बोटाची शिसारी आली.

बायको तेव्हा काय म्हणाली होती? रस्त्यावर आल्यावर, तिच्या पाठीकडे बघत चालताना मी आठवायला लागलो. एकदा म्हणाली होती, काढून टाका ना. मी म्हणालो, बाबांनी नाही काढलं. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही आणि मी समजलो, सवय झाली. सवय या शब्दावर संसार चालतो असं मी माझ्या धाकट्या भावालाही त्याच्या लग्नात सांगितलं होतं. पण आता एकेक गोष्ट उलटी होऊन दिसायला लागली. पूर्वी माझे केस तीच कापायची, न्हाणीघरात स्टुलावर बसवून. मानेवर तिची बोटं फिरायची, कानामागे फिरायची, मला डुलकी लागायची. आवाळू आल्यावर तिथले केस ती कंगव्याच्या टोकाने दाबून धरायला लागली. कंगव्याच्या, बोटाने नाही. मग एके दिवशी म्हणाली, न्हाव्याकडेच जात जा आता, माझे हात भरून येतात. हात भरून येतात म्हणणारी ती बाई त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या गाद्या एकटीने उन्हात घालत होती. पंख्याचा वारा सोसत नाही म्हणून तिने पलंगावरची बाजू बदलली, तेव्हापासून ती माझ्या डावीकडे झोपते. आणि मुलीशी फोनवर बोलताना पडद्यावर माझं डोकं नेहमी भुवयांपाशी कापलेलं दिसतं. मी समजायचो, हिला फोन धरता येत नाही. हिच्याएवढा स्थिर हात माझ्या दुकानात कुणाचा नव्हता, भिंगाला खूण करायची तर मी तिलाच हाक मारायचो, हे मला तेव्हा का आठवलं नाही?

बसमध्ये जागा मिळाली. ती खिडकीशी बसली, मी तिच्या उजवीकडे. तिने बाम काढून गुडघ्याला चोळला. कुठल्याही देशात गेलं तरी त्या बामाचा वास आमच्या आधी पोचलेला असतो. मी तोंडाने श्वास घ्यायला लागलो. त्याचीही सवय झालेली आहे.

"गप्प का झालात? आवडली नाही का?"

"या जन्मात मी कधी हॅट घातलीय का?"

"देश तसा वेश. इथे सगळे घालतात. बघा ना जरा आजूबाजूला."

बघितलं. बस बंदराच्या धक्क्यावरून चालली होती आणि धक्काभर माझ्याच वयाचे पुरुष होते. कुठकुठल्या देशांतून आलेले, गोरे, सावळे, पिवळट, आणि एकूणएक हॅट घातलेले. कापडी, गवती, जाळीची, दोरी लोंबणारी, एका कडेला बटण लावून मुडपलेली. घरी ज्यांनी उन्हातान्हात कधी डोक्यावर रुमाल टाकला नसेल, ती माणसं विमानातून उतरली की डोक्यावर टोपलं पालथं का घालतात? मी व्यवसायाने चेहऱ्यांचा माणूस आहे, तेव्हा माझं मत ऐकून ठेवायला हरकत नाही. परदेशात हिंडणाऱ्या पुरुषाला अघळपघळ हॅट शोभत नाही. कुणालाच नाही. कपाळ झाकलं की चेहरा अर्धा उरतो, आणि म्हाताऱ्या पुरुषाच्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग एकटा बघण्यासारखा नसतो. सगळी लोंबती हनुवटी आणि पाणावलेला ओठ. वरून हॅट ओरडून सांगत असते की मी मजेत आहे, मी मोकळा आहे, आणि खाली तोंड बापडं जवळपास मुतारी कुठे आहे या काळजीत असतं. कडेवर घामाचा पांढरा मिठाळ नकाशा. गळ्याखालच्या लोंबत्या मांसात रुतलेली दोरी. आणि या प्रत्येकाला कुणीतरी म्हटलं असणार, शोभतेय. प्रत्येकाच्या शेजारी एक बाई होती. कुणी भुवयांच्या वर बघून म्हटलं असेल, कुणी न बघताच. या सगळ्या हॅटांखाली काय काय झाकलेलं असेल?

आमच्या समोरच्या बाकावर असंच एक जोडपं होतं. त्या गृहस्थाने हॅट काढून मांडीवर ठेवली. कपाळावर लाल वळ, त्यावर ओल्या केसांच्या चार बटा चिकटलेल्या, आणि टक्कल डागाडागांनी भरलेलं, खपल्या धरलेलं. हॅटच्या आतून शिळ्या डोक्याचा उबट वास आला. त्याची बायको त्याच्याशी काहीतरी बोलत होती, बहुधा भांडत होती. बोलता बोलता तिने आपला रुमाल काढला आणि त्याचं ते टक्कल पुसलं. खपल्यांवरून, डागांवरून, ओट्यावरून फडकं फिरवावं तसं, लक्षही न देता. मग त्याच रुमालाने तिने आपलं तोंड टिपलं आणि पुढे भांडायला लागली. मला ओकारी आली. अगदी घशापर्यंत. आणि ओकारीच्या पाठोपाठ जे वर आलं ते काय आहे हे कळायला मला दोन थांबे लागले. तो हेवा होता. मला त्या खपल्या धरलेल्या म्हाताऱ्याचा हेवा वाटत होता. मी बायकोकडे वळून पाहिलं. तिनेही तो रुमाल पाहिला होता.

"शी," ती हळूच म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

तिला माझी किळस येते का? एवढा एकच प्रश्न उरला. तू मला आवडतेस का, मी तुला आवडतो का, हे प्रश्न आमच्या वयात कुणी विचारत नाही, आणि विचारून उपयोगही नसतो. पण हे मला कळायलाच हवं होतं. ज्या बाईशेजारी मी इतकी वर्षं झोपलो, जेवलो, घोरलो, ती सगळा वेळ कंगव्याच्या टोकाने माझ्याशी वागत होती का? आणि तसं असेल तर मग घरी परत जाऊन त्या पलंगावर तिच्या उजवीकडे मी कसा पडून राहणार? गिऱ्हाईक निदान पैसे देऊन घरी जातं. मी रोज तिथेच राहतो.

मुलीच्या घरी मागच्या अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. संध्याकाळी तिच्या ऑफिसातली माणसं येणार होती, नवं घर बघायला आणि आम्हाला भेटायला. जावई मेज पुसत होता. मुलगी दारातच उभी होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, पण ती माझ्याशी बोलली नाही.

"आई, बरोबर बसली की गं!" ती म्हणाली.

बरोबर बसली. हॅट खरेदी झाल्यावर लोक रंग कसा आहे ते बोलतात. ती बोलली ती बसण्याबद्दल. मायलेकींची नजरानजर झाली आणि मी मध्ये लाकडाच्या ठोकळ्यासारखा उभा राहिलो, फ्रेमा अडकवायला आमच्या दुकानात एक असतो तसा.

"तिन्हीसांजेला अंगणात ऊन असतं का?" मी विचारलं.

"असं काय करता बाबा," मुलगी माझा दंड धरून म्हणाली. "सगळे घालतात. छान दिसता तुम्ही. आपले फोटोही काढायचेत ना." तिचा आवाज प्रेमळ होता, खरंच प्रेमळ होता, आणि त्यामुळेच तो मला सहन होईना. ती लहान असताना मी तिला खांद्यावर बसवायचो तेव्हा ती कुठे धरायची ते मला आठवलं. तेव्हा ते नव्हतं. तेव्हा ती दोन्ही मुठींनी माझे केस धरायची.

खोलीत आलो, हॅट पलंगावर फेकली आणि तोंड धुवायला आत गेलो. बेसिनच्या कडेवर बायकोच्या गळलेल्या केसांची गुंडाळी होती. कंगव्यातून काढायची, बोटाभोवती गुंडाळायची आणि तिथेच ठेवून द्यायची ही तिची पहिल्यापासूनची तऱ्हा. ओली, करडी, थोडासा साबण लागलेली. मी नेहमीप्रमाणे कागदाच्या तुकड्यात धरून ती टोपलीत टाकली आणि हात दोनदा धुतले. बाहेर ती साडीच्या निऱ्या नीट करत बिस्कीट खात होती. तिच्या जबड्यातून प्रत्येक घासाला कट् असा आवाज येतो. घरी जेवताना मी बातम्या मोठ्याने लावतो. इथे नळ चालू ठेवला. आरशात पाहिलं तर डोक्यावर उजवीकडे ते होतं, हॅटच्या दाबाने लालसर झालेलं, जास्तच तुकतुकीत, जणू तेच जागं होतं आणि बाकीचा मी पेंगत होतो. नळ बंद करून मी बाहेर आलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. डोकं थोडं पुढे झुकवून, न्हाव्यापुढे बसतो तसं.

"एक विचारतो. खरं सांगायचं."

"आता काय? लोक येतील."

"तुला माझी किळस येते का?"

मी तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून होतो. नजर वर जाते का, श्वास जातो का, मान कलते का. यातलं काही झालं नाही. बिस्कीट हातात धरून ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"येते," ती म्हणाली. "त्याची येते. त्याचा हात लागला की माझ्या अंगावर काटा येतो."

'त्याचा हात' म्हणाली, आवाळूला हात असावा तसं. दोघांनाही ते ऐकू आलं आणि कुणीच हसलं नाही.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बाबांनी नाही काढलं. वडिलांचं नाव काढल्यावर मी काय बोलणार?" तिने साडीवरचा चुरा झटकला. "आणि किळस येते म्हणून माणूस टाकून देतं का कुणी? तुमच्या काविळीत भांडं कुणी धरलं? तुमची पायपुसण्यासारखी बनियनं कोण धुतं? येते, म्हणून काय झालं? उगाच जीवाला लावून घेऊ नका."

खुर्चीवर बसलो. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, छातीत मध्यभागी, ओल्या फडक्यासारखं. पण त्याच्याखाली काहीतरी सैल झालं. इतक्या वर्षांत तिने मला शटर अर्धं न ओढता सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. घुबडासारखे दिसताय म्हणणारी ती मुलगी अजून आत कुठेतरी होती आणि मीच तिला काउंटरमागे बसवून ठेवलं होतं. मला वाटलं, उठावं आणि तिचा हात धरावा. घरी परत गेल्यावर डॉक्टरकडे जावं, काढून टाकावं ते, बापाला एकदाचं उतरवून ठेवावं. मी हे सगळं बोलणार, एवढ्यात तिने उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं. कट्.

"आणि तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्हाला नाही येत माझी?"

अगदी सहज विचारलं. खिडकीतून अंगणातला उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. ओठाच्या कोपऱ्यात चुरा होता, हनुवटीवर दोन राठ केस होते, गुडघ्याचा बाम खोलीभर होता. ती वाट बघत होती. आत्ता तिने मला दिलं तसंच एक साधं, उघडं उत्तर तिला हवं होतं, आणि ते माझ्या घशाशी आलेलंही होतं. मी तिच्या डोळ्यांत बघायला गेलो. माझी नजर तिथे टेकेना. ती आपोआप वर सरकली आणि तिच्या भुवयांच्या जरा वर, कपाळावरच्या मोकळ्या जागेवर जाऊन थांबली. एक श्वास गेला. मान तिरकी झालेली मला मानेतच कळली.

"छे गं," मी म्हणालो. "तुझी कशाला येईल?"

माझी नजर कुठे टेकली ते तिने पाहिलं. दुकान तिला मीच शिकवलं होतं. बाहेरून मुलीने हाक मारली, "बाबा, झालं का? पाहुणे आले!" बायको उठली, पलंगावरची हॅट उचलून तिने झटकली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी कड धरून नीट खाली ओढली.

"शोभतेय," ती म्हणाली. लगेच म्हणाली, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून.